कविता चालतील, भाषण नको?

प्रश्न: आमच्या नागपूरच्या वाचनालयात एका गोंड कवयित्रीला बोलावून राहिलो आम्ही. त्या गडचिरोलीकडून येणार, वनहक्काचं काम पण करतात. कमिटीतले एक काका म्हणतात फक्त कविता वाचा म्हणावं, आंदोलनाचं भाषण नको, लोक उठून जातात. आणि सुरुवातीला आदिवासी नृत्य ठेवा म्हणतात. काय करू?
– एक वाचक, सक्करदरा

उत्तर: नागपूर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शहानं, अन् त्याच गावात गोंड बाईला सांगायचं की तेवढं जंगलाचं सोडून बोला, काकांची कमाल आहे बुवा!

कमिटीच्या मीटिंगमध्ये वाहरू सोनवणेंची 'स्टेज' ही कविता वाचून दाखवा. शहाद्याच्या आदिवासी चळवळीतून आलेले भिल्ल कवी. स्टेज आमच्या नावाचं, पण आम्हाला वर बोलावलंच नाही, वर उभे राहून ते आमचं दुःख आम्हालाच सांगत राहिले, असं आहे त्यात. काका गप्प बसतील, निदान दोन मिनिटं तरी.

आणि कविता वेगळी, काम वेगळं असं नसतंच हो. समजा त्यांनी बांबूवर कविता वाचली. तर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाचा मिळून जंगलावरचा हक्क, मिळाला, पण बांबू बाहेर न्यायला जो वाहतूक परवाना लागतो त्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात यायला 2011 उजाडलं, म्हणजे हक्क तुमचा पण गाडी हलवायची तर विचारा वनखात्याला. हे माहीत नसेल तर आपल्यासारख्या शहरातल्या माणसाला त्या ओळीतला राग कुठून कळणार, तो म्हणेल वा, निसर्गकविता छान होती. म्हणून कविता, मग बोलणं, मग परत कविता, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. गोंडीतली कविता असेल तर आधी गोंडीतच होऊ द्या, मराठी नंतर. सूत्रसंचालकाला मात्र आवरा, प्रत्येक कवितेआधी अर्थ सांगत बसतात ते!

नृत्याचं त्यांनाच विचारा, नको म्हटल्या तर विषय संपला. शोभेला नाही बोलावत आहात ना तुम्ही?

आणि शाल-नारळावर भागवू नका. मानधन किती ते आधीच फोनवर सांगा, गाडीभाडं वेगळं, अन् कार्यक्रम संध्याकाळचा असेल तर रात्री राहायची सोय तुम्हीच करा.