बायोप्सी रिपोर्टमधला ‘पीटीईएन लॉस’

प्रश्न : वडील 67 वर्षांचे आहेत. प्रोस्टेटच्या बायोप्सीत कॅन्सर निघाला आणि रिपोर्टमध्ये ‘पीटीईएन लॉस’ असा शेरा आहे. एक जनुक हरवल्याने कॅन्सर कसा होतो? आम्हा दोघा भावांना धोका आहे का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : ताण्याचा धागा तुटला की यंत्रमाग आपोआप थांबतो. ती सोय बिघडली तर माग चालूच राहतो. पीटीईएनचे काम तसेच, थांबवण्याचे. वाढीचा संदेश आला की पेशीच्या आवरणात पिप-3 नावाचा स्निग्ध रेणू तयार होतो. तो एकेटी या प्रथिनाला जागे करतो, मग पेशी वाढते, विभागते आणि मरण टाळते. पीटीईएनचे प्रथिन पिप-3 वरचा एक फॉस्फेट काढून त्याचा पिप-2 करते आणि संदेश तिथेच विझतो. पीटीईएन नसेल तर एकेटी जागाच राहतो.

हे जनुक दहाव्या गुणसूत्रावर असते आणि त्याच्या दोन प्रती असतात. एक गेली तरी लगाम सैल होतो. मात्र एवढ्यानेच कॅन्सर होतो असे नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत प्रोस्टेटमधल्या दोन्ही प्रती काढल्यावर पी-53 हे दुसरे रक्षक प्रथिन पेशींचे विभाजन रोखू लागले. तेही काढले तेव्हा गाठी झपाट्याने वाढल्या. माणसातही एकामागून एक लगाम सुटत जातात.

या तपासणीत नमुना रंगवतात; पीटीईएनचे प्रथिन असेल तिथे पेशी तपकिरी होतात, नसेल तिथे कोऱ्या राहतात. म्हणून रिपोर्टबद्दल एक गोष्ट पॅथॉलॉजिस्टना जरूर विचारा : शेजारच्या निरोगी पेशी तपकिरी रंगल्या होत्या का? त्या रंगलेल्या आणि कॅन्सरच्या पेशी कोऱ्या असतील तरच ‘लॉस’ खरा. दोन्ही कोऱ्या असतील तर बहुधा फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) नमुना नीट मुरलेला नाही. ती तपासणी पुन्हा करावी लागते. लॉस खरा असेल तर आजार आक्रमक असण्याची शक्यता वाढते. म्हणून ग्लिसन स्कोअर (सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा अंक), पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आणि हा शेरा एकत्र ठेवूनच उपचार ठरवा.

आता तुम्हा भावांविषयी. हा बदल बहुतेक वेळा फक्त गाठीत घडलेला असतो, तो मुलांकडे जात नाही. वारशाने येणारा मोठा धोका बीआरसीए-2 या दुसऱ्या जनुकाचा. आजीला, आत्याला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, किंवा वडिलांचा आजार पसरलेला असेल, तर आधी वडिलांच्याच रक्ताची जनुकीय तपासणी करा. त्यांच्यात दोष सापडला तरच तुम्ही दोघांनी तेवढाच दोष तपासायचा. तो तुमच्यात निघाला तर चाळिशीपासून पीएसए सुरू करा. लघवीचा संसर्ग झाला असेल तर पीएसए सहा आठवडे थांबून करा, नाहीतर आकडा उगीच वाढलेला दिसतो.