गोठा काढायचाय म्हणतोस, तर आधी हे वाच

बाळा,

तुझा मेसेज मिळाला. पुण्यातली नोकरी सोडून गावाकडं दहा म्हशींचा गोठा काढतोयस, लोनची फाईल पण तयार आहे, आणि मामाला विचारायलास की रोज किती लिटर धरू. लिटरचं नंतर बघू रे, आधी मला सांग तुझी आई कितीला उठते, बायकोला शेणाचा वास चालतो का, आणि घरात एकमेकाशी अबोला धरलेली माणसं किती आहेत? कारण म्हशीला सगळं कळतं.

आम्ही तिकडं कन्नड मुलखातल्या गोकाककडून एक म्हस आणली, चांगली दुसऱ्या वेताची, म्हणजे दोनदा व्यालेली, बघून घेतलेली, तिथं माझ्यासमोर पाच लिटर दिलेलं. आमच्या दारात आल्यावर तीन दिवस पान्हाच सोडेना. तुझी मामी चुचकारून दमली, मी पाठ खाजवून दमलो, शेजारची म्हातारी मीठ-मिरच्या उतरवून गेली. चौथ्या दिवशी आमचा नातू दप्तर टाकून गोठ्यात आला आणि शाळेत शिकलेलं कन्नड तिच्यावर चालवायला लागला, "बा, बा, निल्ल" असलं कायतरी, तर बाईनं कान हलवला आणि कास भरून आली! मग काय, महिनाभर सकाळ-संध्याकाळ पोरगं गव्हाणीजवळ बसून कन्नड बोलायचं आणि मामी मराठीत धार काढायची. एका धारेला दहा रुपये घ्यायचा डांबरट, परीक्षेच्या दिवसांत वीस केले.

हसू नकोस, ह्यात शास्त्र आहे. पान्हा सुटतो तो ऑक्सिटोसिननं, कास धुतली, ओळखीचा आवाज आला की ते आतून सुटतं आणि त्याचा जोर पाच-सात मिनिटंच टिकतो, तेवढ्यात धार आटपायची. जनावर भ्यालं, बिचकलं की सगळं आखडतं. म्हणून गोठ्यात भांडायचं नाही, भांडण असेल तर परड्यात जा. आणि कोण तुला पान्ह्याचं इंजेक्शन देतो म्हणाला तर त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नको.

दुसरं म्हणजे डेअरीची स्लिप. आमची फॅट साडेसहा-सात असायची, एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग, नऊच्या वर. एका महिन्यात अचानक एसएनएफ साडेआठच्या खाली, भाव पडला, डेअरीतली पोरं माझ्याकडं बघून गालात हसायला लागली, म्हणजे गावानं ठरवलंच की मामा पाणी घालतोय. मी पेंड बदलली, मिनरल मिक्श्चर आणलं, डॉक्टरला दोनदा बोलवलं. शेवटी एक दिवस पहाटे बघतो तर आमची आई, वय वर्षं ऐंशी, धारेची बादली तांब्याभर पाण्यानं विसळून ते पाणी सावकाश कॅनमध्ये ओतायली. का तर लक्ष्मी वाया जाऊ नये! आता तिला काय बोलणार? तेव्हापासून विसळणीचं पाणी रेडकाच्या घमेल्यात जातं, आईला वाटतं तिचं ऐकलं, डेअरीला वाटतं मी सुधारलो.

चाऱ्याचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडं साखर कारखाने सुरू झाले की उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, फुकटात मिळतं म्हणून लोक तेच घालत बसतात, तसं करू नको, त्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं, नुसत्या वाड्यावर म्हस हळूहळू खंगते. भाताचं पिंजार आहेच, पण मका नाहीतर हत्ती गवत स्वतःचं लाव.

आणि नावं! नाव ठेवताना घरातलं ठेवू नको, पाया पडतो. आमच्या थोरलीचं लाडाचं नाव सोनी, आणि नेमकं तेच नाव तिनंच हट्टानं एका म्हशीला ठेवलेलं. आता म्हशीचा माज, म्हणजे गाभ धरायची वेळ, मुका, गाईसारखी ओरडून गाव गोळा करत नाही, त्यातनं उन्हाळ्यात तर कळतच नाही, म्हणून एकवीस दिवसांचा हिशोब मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचो. थोरलीला बघायला पाव्हणे आले, सोप्यात बसले, पोहे आले, आणि मुलाच्या आईची नजर कॅलेंडरवर. माझ्या अक्षरात ठळक लिहिलेलं: "सोनीला दोन महिने झाले, डॉक्टरला दाखवणे." बाईचा चमचा तोंडाशीच थांबला. मामी माझ्याकडं बघते, मी छताकडं. तेवढ्यात मुलाचे वडील कॅलेंडरजवळ जाऊन वाचून आले, त्यांच्या घरी पण चार म्हशी, आणि शांतपणे विचारलं, "कितव्या वेताची?" तिथंच ठरलं लग्न. (मुलाला त्या दिवशी कोणी काय विचारलंच नाही असं तो अजून म्हणतो.)

गाभ तीनशे दहा दिवस धर, पण व्यायला ती लग्न, बारसं, वास्तुशांत असलाच मुहूर्त काढते. व्याली की पहिल्या तासा-दोन तासात चीक रेडकाच्या पोटात गेला पाहिजे, खरवसाच्या आशेनं पातेली घेऊन आलेल्या भावकीला तोवर ओसरीवरच थांबव. सणांचंही ध्यानात ठेव, आपण सीमेवरचे, आपल्याला बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, दोन. कर्नाटकी ज्येष्ठ पौर्णिमेला, म्हणजे मामी वडाला फेऱ्या मारते आणि मी बैलाला, परत आषाढात महाराष्ट्राचा. बैलांना सीमावादाचं काय नाही, दोन्हीकडच्या पोळ्या खातात.

तर दहा घेऊ नकोस. दोन घे, त्यापण चार-सहा महिन्यांच्या अंतरानं व्यायलेल्या, म्हणजे एक आटली तरी दुसरी दुधात राहील. तेवढ्यात वर्षभर घरात कोण पहाटे उठतंय, कोणाची कंबर धरतीय, कोण माहेरी पळतंय ते दिसेल, मग फाईल बँकेत दे.

रविवारी मुक्कामाला ये, सोमवारी साडेचारला उठवतो. पांढरा शर्ट आणू नको, आणि दहाच्या सुट्ट्या नोटा आण, पोरगं मोबाईलवर पैसे घेत नाही.

तुझा मामा