क्रीम का वितळतं, केक का कलतो? थरांच्या केकबद्दल वाचकांचे प्रश्न

घरच्या थरांच्या केकचं मूळ माप आजही व्हिक्टोरिया स्पंजचंच आहे: अंडी, लोणी, साखर आणि मैदा सारख्या वजनाचे. इंग्लंडच्या राणीचं नाव लागलेला हा केक थंड हवेच्या देशातला. तिथल्या पुस्तकात ‘लोणी रूम टेम्परेचरला आणा’ असं लिहिलेलं असतं तेव्हा खोलीचं तापमान २० अंशांच्या आसपास धरलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघरात ३२-३४ अंश सहज असतात, आणि त्या तापमानाला लोणी मऊ होत नाही, पाघळतं. या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त प्रश्नांचं मूळ याच फरकात आहे. त्यामुळे उत्तरांत फ्रीजचं नाव पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नका.

ताई, कितीही फेटलं तरी माझं क्रीम पातळच राहतं. कधी घट्ट होतंय असं वाटतं आणि एकदम फुटतं. पंख्याखाली बसून फेटते, तरी तेच. (रत्नागिरी)

पहिल्यांदा पाकीट उलटं करून स्निग्धांश बघा. दुकानात ‘फ्रेश क्रीम’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक टेट्रापॅकमध्ये तो २५ टक्क्यांच्या आसपास असतो. ते भाजीच्या ग्रेव्हीत घालायला उत्तम, पण केकवर उभं राहणार नाही. त्यासाठी किमान ३० टक्के, आणि मिळालं तर ३५ टक्क्यांचं ‘व्हिपिंग क्रीम’ लागतं. फेटताना आत हवेचे बुडबुडे शिरतात आणि स्निग्धांशाचे बारीक कण एकमेकांना चिकटून त्या बुडबुड्यांभोवती जाळं धरतात. कण कमी असले तर जाळं पुरत नाही, आणि कोमट असले तर ते वितळून हवा सोडून देतात.

पंखा बंद करा. तो गरम हवाच भांड्यावर ढकलतोय. क्रीम रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा (फ्रीजरमध्ये नको, गोठून सुटं झालेलं क्रीम नीट फेटलं जात नाही). स्टीलचं पातेलं आणि बीटरची पाती अर्धा तास फ्रीजरमध्ये टाका. फेटताना पातेलं बर्फाच्या पाण्यात बसवा. वेग मध्यमच ठेवा, आणि पात्यांच्या रेघा क्रीममध्ये उमटून तशाच राहायला लागल्या की बीटर बाजूला ठेवून शेवटचे काही फटके हातानं द्या. क्रीम फुटतं ते याच टप्प्यावर. सायीचं लोणी काढताना आपण जे मुद्दाम करतो, तेच इथे नको असताना होऊन बसतं. नुसतं रवाळ दिसायला लागलं असेल तर दोन-तीन चमचे न फेटलेलं थंड क्रीम घालून हलक्या हातानं ढवळा, बहुतेक वेळा सावरतं. पाणी सुटलं असेल तर मात्र पुढे फेटून लोणी काढा आणि पावाला लावून खा.

आता बेकरीच्या क्रीमबद्दल. ते उन्हातही टिकतं कारण ते दुधाचं नसतं. पाम तेलासारख्या वनस्पती तेलांपासून बनवलेलं ‘नॉन-डेअरी’ टॉपिंग गोठवून विकतात. आदल्या रात्री फ्रीजमध्ये काढून ठेवायचं आणि बर्फाचे थोडे कण शिल्लक असतानाच फेटायचं. त्यात साखर आधीच असते, वर पिठीसाखर घालू नका. आरोग्याचा प्रश्न बऱ्याच जणींनी विचारलाय. २०२२ च्या जानेवारीपासून आपल्याकडे खाद्यतेलं आणि चरबीतल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे, पण संतृप्त चरबी भरपूर असतेच, आणि चव म्हणाल तर टाळूला मेणासारखा थर जाणवतो. मला नुसतं नॉन-डेअरी आवडत नाही. उन्हाळ्यात निम्मं-निम्मं घेते: नॉन-डेअरी आधी फेटायचं, मग थंड दुधाचं क्रीम घालून पुन्हा थोडं. उभं राहतं आणि खाताना दुधाची चवही लागते.

लोण्याच्या आयसिंगचं, म्हणजे बटरक्रीमचं विचाराल, तर कोकणात मे महिन्यात त्याची गुलाबं काढायचा हट्ट धरू नये. नाशिकला डिसेंबरमध्ये खुशाल काढा. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं, आणि त्याच्या बरंच आधी आकार सोडतं.

ओटीजीमध्ये (घरच्या छोट्या विजेच्या भट्टीत) केक मधोमध डोंगरासारखा फुगतो आणि तडकतो. वर क्रीम लावायचं कसं? (पुणे)

भट्टी गरजेपेक्षा तापलेली आहे. टिनचा पत्रा आधी तापतो, त्यामुळे कडेचं मिश्रण लवकर सेट होऊन थांबतं. मधलं अजून पातळ असतं, त्याला फुगायला एकच दिशा उरते, वरची. तोवर वरचा पापुद्राही कडक झालेला असतो, म्हणून तो फाटतो.

ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका. आत ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो. बटण १८० वर असताना आत २०० सहज निघतात. केकला १६० ते १७० पुरे, वेळ थोडा जास्त लागू द्या. टिन अशा जाळीवर ठेवा की त्याचा मध्य भट्टीच्या मध्यावर येईल, आणि शक्यतो वरची कॉइल बंद. जुन्या टर्किश टॉवेलची पट्टी ओली करून, पिळून, टिनच्या बाहेरून गुंडाळून पिनेनं अडकवा. ती कड थंड ठेवते आणि केक जवळजवळ सपाट निघतो. पट्टी कॉइलला टेकत नाही ना, तेवढं बघा.

पण खरा उपाय याहून सोपा आहे. एका खोल टिनमध्ये उंच केक भाजून तो तीन ठिकाणी कापण्याचा आग्रह सोडा. तेच मिश्रण दोन उथळ टिनांत वाटून घाला. लवकर भाजतं, फुगवटा कमी येतो आणि कापाकापी वाचते. एकच टिन असेल तर केक पूर्ण गार करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कापा. ताज्या केकचा चुरा होतो. कापायच्या उंचीवर चारी बाजूंनी टूथपिक टोचा, पावाची दातेरी सुरी त्यांच्यावर टेकवा आणि सुरी फार न हलवता केक फिरवत राहा. रचताना सगळ्यात वरचा थर उलटा ठेवा. त्याचा तळ वर येतो आणि क्रीमला आयता सपाट पृष्ठभाग मिळतो. कापलेला फुगवटा घरात कोण खातं हे मी सांगायला नको.

अंडं घालून साध्या स्पंजचं न चुकणारं माप द्या. (कोल्हापूर)

वाटी बाजूला ठेवा, वजनकाटा घ्या. तीन अंडी टरफलासकट वजन करा. समजा १६० ग्रॅम भरली, तर बिनमिठाचं लोणी १६०, बारीक साखर १६०, मैदा १६०. त्यात सपाट दीड चमचा (टीस्पून) बेकिंग पावडर, थोडा व्हॅनिला, आणि मिश्रण घट्ट वाटलं तर एक-दोन चमचे दूध. ६ इंची दोन टिनांना हे पुरतं, १७० अंशांवर साधारण २५ ते ३० मिनिटं.

लोणी बोट दाबल्यावर खळगा पडेल इतकंच मऊ हवं, चकाकायला लागलं तर पुन्हा फ्रीजमध्ये. साखरेबरोबर ते पांढुरकं होईपर्यंत फेटा. अंडी एकेक करून घाला, आणि मैदा घातल्यावर बीटर बंद, फक्त उलथन्यानं खालून वर. पहिली २० मिनिटं भट्टीचं दार उघडू नका.

घरात अंडं चालत नाही. दह्याचा केक चवीला छान होतो, पण तीन थर रचले की खालचा चेपतो आणि क्रीम बाहेर येतं. (सोलापूर)

केकला अंड्याशिवाय फुगवणारी बेकिंग पावडर जन्माला आली तीच मुळी अशा अडचणीतून. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डनं १८४३ मध्ये ती तयार केली, कारण त्याच्या पत्नीला अंडी आणि यीस्ट दोन्ही सोसत नसत. त्याआधी तिच्यासाठी त्यानं बिनअंड्याचं कस्टर्डही बनवलं होतं. तेव्हा तुमचं घर एकटं नाही.

पण पावडर फुगवते, सांधत नाही. अंड्यातलं प्रथिन भाजल्यावर घट्ट होऊन केकचा सांगाडा बनतं. दह्याच्या केकमध्ये तो सांगाडा लेचापेचा असतो. त्याच्यावर तिमजली इमारत उभारू नका, दोनच थर रचा, तेही बोटभर जाडीचे. साखरेचं पाणी शिंपडायची सवय असेल तर इथे ती सोडा. हा केक मुळातच ओलसर असतो, पाक पडला की गाळ होतो. दह्यातलं पाणी आधी निथळून घ्या. बेकिंग सोडा दह्याला लागताक्षणी काम सुरू करतो, म्हणून भट्टी आधी तापवून ठेवा आणि मिश्रण कालवल्याबरोबर आत सरकवा. फोनवर बोलत बसलात तर बुडबुडे निघून जातात आणि मधला भाग चिकट राहतो.

तीन थर हवेच असतील तर कंडेन्स्ड मिल्कचा केक करा. तो जरा घट्ट आणि जड असतो, नुसता खायला मला तितका आवडत नाही, पण भार पेलतो.

पुण्यात नीट होणारा केक पाचगणीला बदली झाल्यापासून मध्ये खचतो. कृती तीच, ओव्हन तोच. (पाचगणी)

पाचगणी समुद्रसपाटीपासून साधारण १,३०० मीटर उंच. तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे बेकिंग पावडरचा वायू जास्त जोरात पसरतो. पाणीही ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे ओलावा लवकर उडतो आणि केकचं आतलं तापमान चढायला वेळ लागतो. केक सेट व्हायच्या आधीच पूर्ण फुगतो आणि मग बसतो.

बेकिंग पावडर दर चमच्यामागे जास्तीत जास्त पाव चमचा कमी करा. भट्टी ८-१० अंशांनी वाढवा, म्हणजे सांगाडा लवकर धरेल. दूध दोन चमचे जास्त आणि साखर मूठभर कमी. सगळं एकदम बदलू नका, आधी फक्त पावडर कमी करून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानंच भागतं. तुम्हाला क्रीमची चिंता मात्र आमच्यापेक्षा कमी, त्याचा हेवा वाटतो. आणि डिसेंबर ते मार्च दारात स्ट्रॉबेरी असताना डब्यातलं फळ आणू नका.

ताजा अननस घातलेला केक दुसऱ्या दिवशी कडू लागला. क्रीम खराब होतं का? (वसई)

क्रीम चांगलंच होतं. न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि कडवटपणा येतो. अननस साखरेबरोबर चांगला उकळून, गार करून घाला. डब्यातला चालतो, कारण तो आधीच तापवलेला असतो. आंब्याला ही अडचण नाही, पण फोडी टिपकागदानं कोरड्या करून घ्या, नाहीतर थर एकमेकांवरून घसरतात.

वर क्रीम लावताना केकचा चुरा मिसळतो आणि सगळं ठिपकेदार दिसतं. (नागपूर)

क्रीम दोनदा लावायचं असतं. पहिला हात अगदी पातळ, केकचा रंग आतून दिसला तरी चालेल, त्याचं काम फक्त चुरा धरून ठेवायचं. मग अर्धा तास फ्रीजमध्ये. दुसरा हात जाडसर, आणि त्यासाठी वेगळ्या भांड्यातलं स्वच्छ क्रीम. पॅलेट नाईफ (क्रीम पसरायची बोथट, लांब सुरी) गरम पाण्यात बुडवून, पुसून शेवटचा फेर मारा. फिरतं स्टँड नसेल तर जड थाळी पालथ्या वाटीवर ठेवून चालवा. क्रीमची नक्षी काढायचं नोझल नसलं तरी अडत नाही. मेंदीचा कोन वळता येत असेल तर बटरपेपरचाही तसाच वळतो, आणि नक्षीला हात आधीच बसलेला असतो.

वाढदिवसाच्या केकवर बागेतली खरी फुलं लावली तर? पांढरी-गुलाबी कण्हेर फार सुंदर दिसते. (सांगली)

कण्हेर अजिबात नको. तिचं पान, फूल, देठ सगळंच विषारी आहे आणि हृदयावर परिणाम करतं. पिवळी कण्हेर तशीच. चाफ्याच्या चिकानं तोंड चुरचुरतं, तोही नको. घरच्या कुंडीतला, औषध न मारलेला गुलाब चालेल. पाकळ्या धुऊन, कोरड्या करून वापरा. फुलवाल्याकडच्या फुलांवर फवारणी असते. देठ केकमध्ये थेट खुपसू नका. आणि ज्या चमकीच्या डबीवर ‘खाण्यायोग्य’ असं स्पष्ट लिहिलेलं नाही, ती हस्तकलेच्या सामानात परत ठेवा.

बदलापूरहून दादरला भाचीच्या वाढदिवसाला केक न्यायचाय. गाडी नाही, लोकलच. पोहोचेल का? (बदलापूर)

पोहोचेल, पण तो उंच करू नका. ६ इंची, दोन थर, बस. वरती क्रीमची गुलाबं नकोत, कडेला बारीक नक्षी पुरे. थर रचल्यावर दोन-तीन जाड स्ट्रॉ केकच्या उंचीइतक्या कापून मधोमध उभ्या घुसवा, मग वरचा थर आडवा सरकत नाही. केक बोर्डावर ठेवताना खाली क्रीमचा ठिपका लावा, आणि बोर्ड खोक्याच्या तळाला दुहेरी टेपनं चिकटवा. खोकं बोर्डाच्या मापाचंच हवं, आत वाव राहिला की केक फिरतो.

रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून अगदी निघताना बाहेर काढा. खोकं सपाट तळाच्या थर्मल पिशवीत, बाजूला दोन आइसपॅक. क्रीमचा केक फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि पारा ३२ च्या वर असेल तर एकच तास. म्हणून आइसपॅक वगळू नका, आणि पोहोचल्यावर गप्पा मारायच्या आधी तो तिथल्या फ्रीजमध्ये टाका.

पिशवी मांडीवर घेऊ नका. मांडी उतरती असते आणि अंगाची ऊबही लागते. बसायला मिळालं तर पायांमध्ये जमिनीवर सपाट ठेवा. दुपारची, शक्यतो बदलापूरहूनच सुटणारी गाडी धरा. रविवार असेल तर मेगाब्लॉक कुठे आहे ते आदल्या दिवशीच बघून घ्या.