धोरण बदलण्याचं काम: शिकायचं काय, पगार कुठे?

बीड जिल्ह्यातल्या एका शिक्षक वडिलांचा प्रश्न: मुलगी बी.ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. एमपीएससी नको म्हणते, गरिबीवरची सरकारी धोरणं बदलून घेण्याचं काम करायचं म्हणते. मोर्चे काढून पोट भरतं का? आणि त्यासाठी शिकायचं काय?

सर, तुमचं पगारपत्रक मुलीसमोर ठेवा. त्यात व्यवसाय कराची कपात दिसेल, दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300. हा कर 1975 साली लागला तो रोजगार हमी योजनेसाठी. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 च्या सुमारास तासगाव तालुक्यात प्रयोग करून पाहिला, 1972 च्या दुष्काळात योजना राज्यभर पोचली, 1977 ला कायदा झाला आणि तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. करातून येईल तेवढीच भर राज्याने घालायची, असंही ठरलं. पुढे केंद्राने 2005 मध्ये देशासाठी असाच कायदा केला. या कामातलं खरं कौशल्य इथेच दिसतं: मागणीबरोबर पैसा कुठून येणार तेही सांगावं लागतं. नाहीतर निवेदनावर ‘पुढील कार्यवाहीस्तव’ असा शेरा पडतो आणि ते फायलीला लागतं.

दुसरं कौशल्य, गाडं नेमकं कुठे अडलंय ते शोधणं. 2005 च्या कायद्यात काम मागितल्यापासून 15 दिवसांत काम, नाहीतर बेरोजगार भत्ता, अशी तरतूद होती. भत्ता फारच थोड्यांच्या हातात पडला. कारण साधं होतं: मजूर तोंडी काम मागायचा, ग्रामपंचायत तारखेची पोच द्यायची नाही, आणि काम निघालं की त्याच दिवशीची मागणी संगणकात चढायची. मग 15 दिवस मोजायचे कुठून? अशा ठिकाणी ‘भत्ता द्या’ म्हणून घोषणा देऊन उपयोग नसतो. ‘मागणी अर्जाची तारीखवार पोच जागेवरच द्यावी, न देणाऱ्यावर दंड करावा’ अशी मागणी लागते. ती तहसीलदारालाही अमलात आणता येते.

म्हणून मुलीने या सुट्टीत एकाच गावाचं एकच वर्ष घ्यावं. रोजगार हमीच्या कामांची हजेरीपत्रकं, मजुरी जमा झाल्याच्या तारखा आणि मजुरांची पासबुकं शेजारी ठेवून ताळा करावा. कागद मिळाले नाहीत तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, महाराष्ट्रात 150 शब्दांची मर्यादा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांच्या स्टॅम्पसह. ‘योजनेची सर्व माहिती द्या’ असं लिहिलं की अर्ज हमखास फसतो. ‘अमुक कामाच्या अमुक आठवड्याच्या हजेरीपत्रकाची प्रत’ असं लिहावं. निष्कर्ष दोन पानांत: काय आढळलं, कोणत्या कलमाचा भंग, कोणत्या अधिकाऱ्याने काय करावं. आमदारांकडे द्यायचं असेल तर अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, ऐन वेळी लागत नाही.

शिक्षणासाठी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं तुळजापूर केंद्र तुम्हाला जवळ आहे, पुण्यात गोखले संस्था आहे. अर्थशास्त्राच्या जोडीला कायदा केला तर फारच उत्तम. कलमं वाचता येणाऱ्या माणसांची या क्षेत्रात नेहमी टंचाई असते. पदवीनंतर दिल्लीत खासदारासोबत काम करायची लॅम्प फेलोशिप 25 वर्षांपर्यंतच मिळते. राज्याच्या मुख्यमंत्री फेलोशिपच्या जाहिरातींत वय 21 ते 26, पदवीला 60 टक्के आणि वर्षभराचा अनुभव अशा अटी असतात.

पगाराचं स्पष्ट सांगतो. संस्थांमधल्या नोकऱ्या बहुतेक प्रकल्पाच्या मुदतीच्या असतात. निधी संपला की करार संपतो, आणि सुरुवातीचा पगार तुमच्यापेक्षा बराच कमी राहील. मुलाखतीत तिने न संकोचता विचारावं: निधी कोणाचा, किती वर्षांचा, भविष्य निर्वाह निधी कापता का, गावोगाव फिरण्याचा खर्च कोण देणार. उत्तराला टाळाटाळ करणाऱ्या संस्थेत जाऊ देऊ नका.

एमपीएससीचा अभ्यास मात्र वाया गेला असं मानू नका. राज्यघटना, पंचायत राज, अर्थसंकल्प हे सगळं इथे रोज लागतं. वर्षभर हे काम करून पाहू द्या, परीक्षेचं वय तोवर निघून जात नाही.