ल्यू श्वेई बसवायचंय ना, मग सहाव्या भागाला इतक्यात हात लावू नकोस

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला, मी झोपायच्या बेतात होतो, पण "काका, गुचिन आली घरी, आता थेट ल्यू श्वेई बसवते" हे वाचलं आणि झोपच उडाली. गुचिन म्हणजे सात तारांचं चिनी वाद्य, ल्यू श्वेई म्हणजे "वाहतं पाणी" ही त्यावरची जुनी रचना, आणि तू ती पहिल्याच दिवशी बसवायला निघालीस. व्हॉइस नोटमध्ये मावणार नाही म्हणून लिहितोय, चहा घेऊन बस.

आधी फोटो झूम करून बघितला. सात तारा, तारांखाली घोड्या (तार उचलून धरणारे ठोकळे) नाहीत, कडेला शिंपल्याचे तेरा ठिपके. म्हणजे बरोबर वाद्य आलंय. हे विचारायचं कारण असं की निम्मे लोक गुचिन म्हणून गुझेंग मागवतात, एकवीस तारा, प्रत्येक तारेखाली सरकती घोडी, बोटांना नख्या बांधून वाजवतात, आवाज मोठा आणि चमकदार. यूट्यूबवर "उंच डोंगर, वाहतं पाणी" असं चिनीत शोधलंस की गुझेंगवरची त्याच नावाची गाणी ढिगाने येतील, शांतोंगकडची वेगळी, हेनानकडची वेगळी, झेजियांगची आणखी वेगळी. छान आहेत, पण तुझ्या ल्यू श्वेईशी त्यांचं नातं फक्त नावापुरतं. ती ऐकून गोंधळू नकोस.

आता मूळ मुद्दा. तू ऐकलंस ते व्हॉयेजर यानावरचं, ग्वान पिंगहू या गुचिनवादकाचं, सात मिनिटं सदतीस सेकंदांचं. १९७७ मध्ये नासाने जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली तिच्यावर सत्तावीस तुकडे आहेत संगीताचे आणि त्यात हा सगळ्यात लांब. चौ वेन-चुंग नावाच्या न्यूयॉर्कमधल्या चिनी संगीतकाराला विचारलं होतं की चीनकडून काय घ्यायचं, तर त्याने फार विचार न करता हेच सांगितलं. आणि त्या तबकडीवर ल्यू श्वेईच्या लगेच पुढे कोण आहे माहितीये? आपल्या गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर, भैरवी, "जात कहां हो". व्हॉयेजर १ उडालं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला, त्याच वर्षी. ग्वान पिंगहू तर दहा वर्षं आधीच, १९६७ मध्ये गेले होते. एकदा दोन्ही पाठोपाठ ऐक, त्याच क्रमाने, मध्ये पॉज न करता. मी ऐकतो तेव्हा मला दर वेळी वाटतं की चिनी माणूस तार छेडून झाल्यावर जे करतो ते केसरबाई श्वास सोडून झाल्यावर करतात. असो, हे माझं वेड.

पण तुला त्या रेकॉर्डिंगमधलं नेमकं काय आवडलं ते तू लिहिलंयस. "मधला तो धबधबा". तोच तर प्रॉब्लेम आहे.

तो धबधबा म्हणजेच सहावा भाग, आणि तो ज्या वादनातून येतो त्याला गुन फू म्हणतात. गुन म्हणजे अनामिकेने तारा बाहेरच्या बाजूला एकामागून एक छेडत जायचं, पातळ तारेकडून जाड तारेकडे, आणि फू म्हणजे तर्जनीने आत, उलट दिशेने. त्याच वेळी डावा हात तारेवर घसरत सूर काढत असतो, म्हणजे खाली पाणी खळाळतंय आणि वरून काहीतरी तरंगत चाललंय असा भास होतो. हा भाग पहिल्यांदा छापलेला दिसतो तो १८७६ मध्ये चीनमधल्या छंगदू शहरात निघालेल्या तिएनवेनग चिनपू या पुस्तकात आणि तो झांग कोंगशान या छिंगछंग डोंगरावरच्या ताओपंथी वादकाचा. म्हणून या आवृत्तीला "बहात्तर गुन फूंचं ल्यू श्वेई" म्हणतात. आज जे कोणी वाजवतात ते बहुतेक हेच, ग्वान पिंगहूंचंही हेच.

आणि त्याच्या साडेचारशे वर्षं आधी, १४२५ मध्ये, मिंग घराण्यातला राजपुत्र झू च्वान, पहिल्या सम्राटाचा सतरावा मुलगा, त्याने शेनची मीपू नावाचा संग्रह छापला, त्यातही ल्यू श्वेई आहे. तिथे धबधबा नाहीच! नीट वाच, नाहीच. तो सांगतो की आधी डोंगर आणि पाणी मिळून एकच रचना होती, थांग काळात त्याचे दोन तुकडे झाले, सोंग काळात डोंगराचे चार भाग पाडले आणि पाण्याचे आठ. म्हणजे कित्येक शतकं लोकांनी ही रचना त्या भागाशिवाय वाजवली, ऐकली, आणि कुणाला पाणी कमी पडलं नाही. आता सांग, तू सुरुवात कुठून करणार?

माझीच फजिती सांगतो. नोकरीमुळे चार वर्षं छंगदूत होतो, तिथे एका म्हाताऱ्या बाईंकडे शिकायला जायचो, मी त्यांना लाओशी म्हणायचो, म्हणजे आपल्याकडचं बाई किंवा सर. सहा महिने झाले असतील, मी व्हिडिओ बघून बघून गुन फू बसवलं आणि मोठ्या ऐटीत त्यांना वाजवून दाखवलं. सतार हाताखालून गेलेली, त्यामुळे बोटं पळायची माझी. त्या काही बोलल्या नाहीत, आत जाऊन चहा केला, कप समोर ठेवला आणि म्हणाल्या, "नदी नाही आली, बादली ओतलीस." पुढचे तीन महिने मला फक्त दुसरा आणि तिसरा भाग.

दुसरा-तिसरा भाग म्हणजे सगळे फान यीन, हार्मोनिक्स. त्या तेरा ठिपक्यांना हुई म्हणतात, सातवी हुई तारेच्या बरोब्बर मध्यावर, बाकीच्या पाव, तृतीयांश, पंचमांश अशा जागी. डाव्या बोटाने हुईवर तारेला नुसता स्पर्श करायचा आणि उजव्याने छेडलं की त्याच क्षणी बोट उचलायचं. पाव सेकंद उशीर झाला की थेंबाऐवजी ठक्क ऐकू येतं. तुला वाटेल सतारीवर हे खेळून झालंय, पण सतारीवर ते गंमत म्हणून असतं, इथे अख्खा परिच्छेद त्यावर उभा आहे. १८७६ च्या त्याच पुस्तकात या रचनेवर एक टिपण आहे, त्यात म्हटलंय की दुसरा-तिसरा भाग म्हणजे रिकाम्या डोंगरात टपटपणारं पाणी, चौथ्या-पाचव्यात झरा डोंगराबाहेर पडतो, मग गुन फूला असं वाटतं की डगमगत्या होडीत बसून वू घळीतून चाललोय, छाती धडधडतेय, आणि सात-आठ-नऊमध्ये होडी पार झालेली असते, उरतात दगडावर आपटणाऱ्या लाटा आणि छोटे भोवरे. म्हणजे धडधड ही मधली गोष्ट आहे. आधी थेंब नसेल तर ती कुणाची नदी?

चौथा-पाचवा भाग मात्र तुला जड जाणार आणि तिथेच मजा आहे. तुझी सतारीची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तार आडवी ओढून येते. इथे तार ओढायची नाही, बोट तारेवरून लांबीच्या दिशेने सरकवायचं, विचित्र वीणा नावाच्या आपल्या वाद्यासारखं, फक्त तारेवर सरकवायच्या बट्ट्याऐवजी स्वतःचा अंगठा आणि अनामिका. एकदा छेडायचं आणि त्याच आवाजावर दोन-तीन सूर चालवायचे. आवाज विझत जातो, बोट चालूच. शेवटी शेवटी सूर असा उरतच नाही, फक्त रेशमावर बोट घासल्याचा सूं सूं आवाज, ग्वान पिंगहूंच्या रेकॉर्डिंगमध्ये हेडफोन लावलास तर स्वच्छ ऐकू येईल, ते रेशमी तारांवर वाजवायचे. मला आधी वाटायचं की रेकॉर्डिंग खराब आहे. लाओशी म्हणाल्या की नाही, ऐकणाऱ्याने सूर स्वतःच्या डोक्यात पुरा करायचा असतो. आता तुझं बोट छेडल्यावर दुसऱ्या सेकंदाला तार सोडून देतं, क्लिपमध्ये दिसलं मला, कारण सतारीला तरफा, म्हणजे खालच्या जास्तीच्या तारा असतात, त्या गुंजत राहतात, तुला सवय झालीये की मागचं काम वाद्य करेल. गुचिनला तरफा नाहीत गं.

तुझ्या तारा बहुतेक स्टीलवर नायलॉन गुंडाळलेल्या असणार, साठ-सत्तरच्या दशकापासून त्या आल्या, आता सगळीकडे त्याच. राहू देत. रेशमी तारांचा हट्ट इतक्यात धरू नकोस, मुंबईच्या जुलैत दर दहा मिनिटांनी सूर लावत बसशील. मोकळ्या तारा लावताना सोपं आहे, जाड तारेपासून प ध सा रे ग प ध, म्हणजे भूप रागाचेच सूर. पण म्हणून भूपासारखं वाजवू नकोस! हे तुझ्या आधी मी करून झालोय, आलाप घ्यायला लागलो होतो त्यावर, भयंकर वाटतं. नखी तर अजिबात नको, उघडी बोटं, उजव्या हाताची नखं थोडी वाढव, आणि उजव्या करंगळीला इथे काम नाही, ती वापरायचीच नाही असा दंडक आहे.

गुचिनच्या स्वरलिपीबद्दल घाबरलीयस ते मात्र उगीच. एका चौकोनी अक्षरात डाव्या हाताची अनामिका, नववी हुई, उजव्याच्या मधल्या बोटाने आत ओढ, तिसरी तार, एवढं सगळं बसवलेलं असतं, पंधरा दिवसांत वाचायला लागशील. खरी अडचण वेगळी आहे. आपल्या भातखंडे लिपीत मात्रा दिसतात, सम दिसते. त्या लिपीत किती वेळ थांबायचं हेच लिहिलेलं नाही. जुना कागद घेऊन त्यातून लय शोधून काढायची याला ते दापू म्हणतात आणि त्यांच्यात म्हण आहे की छोट्या रचनेला तीन महिने, मोठीला तीन वर्षं. ग्वान पिंगहूंचं खरं मोठेपण त्यातलं, कित्येक शतकं कुणी न वाजवलेल्या रचना त्यांनी अशा उभ्या केल्या. म्हणून दोन मोठ्या वादकांचं ल्यू श्वेई ऐकून "कोणतं बरोबर" असं मला विचारू नकोस, परवा विचारलंस तसं.

आता ती बो या या प्राचीन वादकाची आणि त्याचा मित्र झोंग झिची याची गोष्ट. तू लिहिलंस की मित्र मेल्यावर त्याने वाद्य फोडलं हे वाचून रडू आलं. येणारच. बो याच्या मनात डोंगर असला की झिची म्हणायचा वा, थायशान पर्वतासारखं उंच, मनात पाणी असलं की म्हणायचा वा, नदीसारखं अफाट. त्यावरूनच चिनीत जिवलग मित्राला झीयिन म्हणतात, सूर ओळखणारा. झिची लाकूडतोड्या होता हे मात्र खूप नंतरच्या, मिंग काळातल्या कथेतून आलंय, आणि आज आपण वाजवतो ती चाल बो याची आहे असं मानायलाही काही आधार नाही. पण लिएझी या जुन्या ग्रंथात या दोघांचा एक प्रसंग आहे जो कुणी सांगत नाही. दोघं थायशानच्या उत्तरेला फिरत असताना पाऊस गाठतो, कड्याखाली थांबतात, बो याला उदास वाटतं, तो आधी पाऊस वाजवतो, मग दरड कोसळल्याचा आवाज, आणि प्रत्येक वेळी झिची ओळखतो. तेव्हा बो या वाद्य बाजूला ठेवतो आणि सुस्कारा टाकून म्हणतो की आता मी माझा आवाज लपवू तरी कुठे. मला फोडलेल्या वाद्यापेक्षा हे वाक्य जास्त भिडतं. वाजवणारा पकडला जातो. तू गुन फू कितीही जोरात वाजव, समोर ऐकणारा असेल तर बादली आणि नदी त्याला लगेच कळते.

तर असं कर. आधी श्येन वंग त्साओ आणि छियु फंग त्सू, या दोन छोट्या रचना, सगळे तिथूनच सुरू करतात, कंटाळा येईल, करच. सोबत रोज वीस मिनिटं फक्त सातव्या, नवव्या आणि पाचव्या हुईवर हार्मोनिक्स, सातही तारांवर. ल्यू श्वेई रोज ऐक पण वाजवू नकोस, आणि एकदा तरी सहावा भाग आला की बंद करून पुन्हा पहिल्यापासून लाव. दिवाळीनंतर दुसरा भाग सुरू करू. सहाव्याची तारीख मी सांगेन, मागायची नाही.

दर रविवारी मला दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठव. फोन गुचिनपासून हातभर अंतरावर ठेव, जवळ नको, आणि फॅन बंद कर, मागच्या क्लिपमध्ये तुझ्यापेक्षा फॅनच जास्त ऐकू आला.

तुझा,
काका