पाच कार्डं, वर चार हजार रोख: हा सौदा करावा का?

प्रश्न: मी 42 वर्षांचा, न्यू जर्सीत एडिसनला राहतो, आयटीत आहे. एच-1बीवर, ग्रीन कार्डच्या रांगेत. पगार वर्षाला 1,55,000 डॉलर. पत्नी सध्या नोकरी करत नाही, मुलगी तेरा वर्षांची. पिट्सबर्गला एमएस करताना बेसबॉलची गोडी लागली, त्यातून खेळाडूंच्या छापील कार्डांची. बरीच वर्षं इतर संग्राहकांशी पोस्टाने अदलाबदल करतो आहे. आता ओहायोतला एक जुना ओळखीचा ट्रेडर त्याच्याकडचं 1955 सालचं टॉप्स कंपनीचं रॉबर्टो क्लेमेंटे या बेसबॉलपटूचं कार्ड, पीएसए ग्रेड 7 (पीएसए ही कार्डं तपासून त्यांच्या स्थितीला दहापैकी गुण देणारी कंपनी), द्यायला तयार आहे. त्याला माझी ग्रेड केलेली पाच कार्डं हवीत (आजच्या भावाने 6,000 डॉलरची, मला 1,900 ला पडलेली, सगळी बऱ्याच वर्षांपूर्वी घेतलेली) आणि वर रोख 4,000 डॉलर. असं क्लेमेंटे अलीकडे 9,200 च्या आसपास गेलंय. ग्रेड 5 चं त्याच्या निम्म्यात मिळतं. रोख रक्कम इमर्जन्सी फंडातून काढावी लागेल, त्यात 14,000 आहेत. महिन्याचा खर्च 6,500, शिल्लक 1,100. बायको म्हणते पुठ्ठ्याच्या तुकड्यापायी एवढे पैसे? मी म्हणतो, मिकी मँटल या जुन्या बेसबॉलपटूचं कार्ड 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं, ही गुंतवणूकच आहे. तुम्ही सांगा.

उत्तर:

कार्डांच्या बदल्यात कार्ड घ्यायला माझी हरकत नाही. रोख चार हजारांना आहे, आणि तीही इमर्जन्सी फंडातून म्हटल्यावर ठाम आहे.

आधी सौद्याचं गणित. तुम्ही देताय 6,000 ची कार्डं आणि 4,000 रोख, म्हणजे दहा हजार. घेताय 9,200 चं कार्ड. आठशे डॉलर वरचे गेले. पण म्हणून ओहायोचा गृहस्थ तुम्हाला लुबाडतोय असं मी म्हणणार नाही. हीच पाच कार्डं तुम्ही ईबेवर विकली असती तर साधारण 13 टक्के फी गेली असती, म्हणजे तेवढेच आठशे. शिवाय पाच पार्सलं, पाच गिऱ्हाइकं, त्यातला एखादा ‘कोपरा दबलाय’ म्हणून परत पाठवणारा. मोठं कार्ड सोडणारा माणूस लहान कार्डं घेताना थोडा वरचढ भाव मागतोच, कारण ती खपवायची कटकट आता त्याच्या गळ्यात पडते. तेव्हा आठशेवरून भांडू नका. पाच-सातशेवर आला तर बघा, एवढंच.

तुमच्या पत्रात नसलेला खर्च कराचा आहे. पोस्टाने अदलाबदल करणाऱ्या बहुतेकांना वाटतं की पैसे हातात आले नाहीत, मग कर कसला? आयआरएसच्या, म्हणजे इथल्या आयकर खात्याच्या लेखी कार्ड देऊन कार्ड घेणं म्हणजे पहिलं विकलं आणि त्या पैशांत दुसरं विकत घेतलं. पूर्वी ‘सारख्याच्या बदल्यात सारखी मालमत्ता’ या सवलतीचा आधार घेण्याचा प्रयत्न काही लोक करायचे. 1 जानेवारी 2018 पासून ती सवलत फक्त स्थावर मालमत्तेला उरली आहे. कार्डांना नाही.

तुमच्या बाबतीत हिशेब असा: तुम्हाला मिळणार 9,200 चं कार्ड, त्यातले 4,000 तुमचेच रोख, म्हणजे पाच कार्डांचे आले 5,200. ती पडली होती 1,900 ला. नफा 3,300. संग्रहाच्या वस्तू वर्षाहून जास्त काळ ठेवून विकल्या तर फेडरल कराचा कमाल दर 28 टक्के असतो, शेअर्ससारखा 15 नाही. तुमचा स्लॅब 22 चा आहे, त्यामुळे 22 लागतील. त्यावर न्यू जर्सीचा कर. मिळून साधारण 900 डॉलर. हा पगारातून कापला जात नाही, एप्रिलमध्ये खिशातून भरायचा. घरी 1099-के फॉर्म आला नाही म्हणजे कर लागत नाही, हा गैरसमजही काढून टाका. तो फॉर्म पैसे पोचवणाऱ्या कंपन्यांचा असतो. पाकिटातून कार्ड गेलं आणि पाकिटातून आलं तर तो कुणी पाठवणारच नाही, पण नफा तर झालाच.

याची दुसरी बाजू जास्त बोचरी आहे. हौसेसाठी ठेवलेलं कार्ड तोट्यात गेलं तर तो तोटा करात दाखवता येत नाही. गुंतवणूक म्हणून ठेवलं असेल तर येतो. पण नफ्याच्या वर्षी हौस आणि तोट्याच्या वर्षी गुंतवणूक, असं चालत नाही. तुमच्या पत्रावरून तुम्ही हौशी आहात. ‘गुंतवणूक’ हा मुद्दा वहिनींना पटवायला काढलाय, असा माझा संशय आहे.

दोन-तीन डॉलरच्या कार्डांच्या अदलाबदलीला नियम तोच आहे, पण तिथे नफा नगण्य असतो. एक साधी एक्सेल शीट ठेवा: तारीख, काय दिलं, काय आलं, त्या दिवशीचा भाव. आज घेतलेलं क्लेमेंटे दहा वर्षांनी विकाल तेव्हा ते ‘9,200 ला पडलं’ हे दाखवायला हीच शीट लागेल. नाहीतर त्याच पैशांवर दुसऱ्यांदा कर भराल.

आता इमर्जन्सी फंड. 14,000 म्हणजे तुमचा सव्वादोन महिन्यांचाही खर्च नाही. त्यातून 4,000 काढले की उरला दीड महिना. इथला नागरिक असता तर मी एकदा बजावून सोडून दिलं असतं. तुम्ही एच-1बीवर आहात. नोकरी गेली तर नवा मालक शोधायला, व्हिसा बदलायला किंवा सामान आवरायला तुमच्या हातात जास्तीत जास्त साठ दिवस. एका पगारावर घर, मुलगी आठवीत. अशा वेळी फंडात दीड महिना आणि कपाटात 9,200 चं कार्ड, म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

‘लागलं तर विकेन’ असं तुम्ही म्हणाल. विकालही. पण चांगला भाव देणारा लिलाव आपल्या वेळेने होत नाही. माल पाठवा, यादीत नाव येऊ दे, लिलाव होऊ दे, पैसे हातात पडू देत, यात आठवडे जातात. ईबेवर झटपट काढलंत तर फी आणि विम्याचं पोस्ट वजा जाता हातात आठ हजारांच्या आसपास पडतील. गरजवंताला अक्कल नसते, आणि समोरच्या ट्रेडरला ते वासावरून कळतं.

मँटलच्या कार्डाचं बघू. ऑगस्ट 2022 मध्ये 1952 सालचं मिकी मँटल 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं, खरं आहे. पण 1952 ची न खपलेली कार्डं टॉप्सने 1960 मध्ये स्वतःच पडावात भरून अटलांटिकमध्ये बुडवली होती. गोदामातली जागा अडत होती म्हणून. छापणाऱ्या कंपनीलाच कळलं नाही, तिथे तुम्ही-आम्ही भविष्य काय सांगणार? ऐंशीच्या दशकाच्या शेवटी इथल्या कितीतरी बापांनी हीच कथा ऐकून अख्खे सेट न फोडता माळ्यावर ठेवले, मुलांच्या कॉलेजसाठी. कंपन्यांनी तेव्हा इतकी छपाई केली की त्यातले बहुतेक सेट आजही जवळपास मूळ किमतीला पडून आहेत. महागाई धरली तर तोटाच. अगदी अलीकडचं म्हणाल तर 2021 च्या मे महिन्यात टार्गेट या दुकानांच्या साखळीने कार्डं विकणं थांबवलं होतं, कारण पाकिटांवरून पार्किंगमध्ये मारामारी झाली. त्या वर्षी चढ्या भावाने घेतलेल्या कितीतरी कार्डांची किंमत पुढच्याच वर्षी ढासळली.

क्लेमेंटे त्या जातीचं कार्ड नाही, हे मान्य. ते त्याचं पदार्पणाचं कार्ड, 1955 च्या सेटमधलं 164 क्रमांकाचं, आडवं. नवीन छापून येणार नाही. आणि माणूसही तसाच होता. बरोबर 3,000 हिट्सवर कारकीर्द थांबली, कारण 31 डिसेंबर 1972 ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाणारं विमान समुद्रात कोसळलं, त्यात तो गेला. मेजर लीगमध्ये तो कायम पिट्सबर्गकडून खेळला आणि तुम्ही तिथे शिकलात, म्हणजे हे कार्ड तुम्हाला का हवंय ते न सांगता कळलं. हवं असणं हे पुरेसं कारण आहे. त्याला गुंतवणुकीचा मुलामा कशाला? कार्ड व्याज देत नाही, लाभांश देत नाही. चार हजार मुलीच्या 529 खात्यात (शिक्षणासाठीचं बचत खातं) टाकले तर निदान वाढ करमुक्त वापरता येते, आणि ती पाच वर्षांत कॉलेजला जाणार आहे.

तेव्हा ओहायोला असं लिहून बघा: रोख नाही, फक्त कार्डं, आणि ग्रेड 5 चं क्लेमेंटे. त्याच्याकडे नसेल तर दुसऱ्या कुणाकडे असेल, तुमच्या ओळखी आहेत. तुमच्या पाचांपैकी तीन किंवा चार कार्डांत ते बसायला हवं. त्यातही जी तुम्हाला महाग पडली ती आधी द्या. नफा कमी दिसेल, कर कमी लागेल. करापुरते पैसे महिन्याच्या 1,100 मधून बाजूला काढा. ग्रेड 5 आणि 7 मधला फरक कोपऱ्यांचा आणि छपाई मधोमध आहे की नाही याचा आहे. क्लेमेंटेचा चेहरा दोन्हींत तोच.

7 चंच हवं असेल तर फंड आधी 26,000 वर न्या, म्हणजे चार महिने होतील. 1,100 च्या वेगाने अकरा महिने लागतात. तोवर हे कार्ड गेलं तर जाऊ द्या. पीएसए 7 क्लेमेंटे जगात एकच नाही.

सौदा कुठलाही ठरो, पाठवताना कंजुषी नको. पेनी स्लीव्ह (पातळ प्लास्टिकची पिशवी), टॉपलोडर (कडक प्लास्टिकचं कव्हर), वर सहज निघणारी पेंटर्स टेप ही तुमची नेहमीची पद्धत दहा डॉलरच्या कार्डाला ठीक. एवढ्या किमतीला पोस्टाचं रजिस्टर्ड मेल घ्या. त्यात 50,000 डॉलरपर्यंत विमा मिळतो आणि पाकीट ज्या ज्या हातातून जातं तिथे नोंद होते. सावकाश पोचतं, पोचू दे. एक बारकावा: रजिस्टर्डला चकचकीत प्लास्टिकची टेप चालत नाही. साधी कागदी टेप लागते, कारण सांध्यांवर पोस्टाचे शिक्के उमटावे लागतात. खिडकीवरून परत पाठवलेले लोक मी पाहिलेत. विम्याचा दावा करायची वेळ आली तर पोस्ट किमतीचा पुरावा मागतं, आणि अदलाबदलीत पावती नसते. म्हणून ईमेलमध्ये दोघांनी प्रत्येक कार्डाचा ठरलेला भाव लिहून ठेवा, अलीकडच्या विक्रीची चित्रं जोडा. करालाही तेच कामी येतं. ज्याच्या नावावर कमी व्यवहार, त्याने आधी पाठवायचं, ही रीत तुम्हाला माहीत आहेच. इतक्या मोठ्या सौद्यात मात्र मी पिट्सबर्गच्या एखाद्या कार्ड शोमध्ये समोरासमोर देवघेव करेन. ओहायो तिथून हाकेच्या अंतरावर आहे. ग्रेड केलेलं कार्ड ज्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत असतं, तिच्यावरचा क्रमांक पीएसएच्या साइटवर ताडून बघा. खोट्या डब्याही फिरतात. आणि कधी रोख द्यावी लागलीच तर पेपालवर ‘मित्र-नातेवाईक’ हा पर्याय निवडू नका. तीन टक्के वाचतात, पण संरक्षण शून्य.

अजून दोन गोष्टी, विचारल्या नाहीत तरी. हौस म्हणून कार्ड विकणं वेगळं आणि नियमित नफ्यासाठी घेणं-विकणं वेगळं. दुसऱ्याला धंदा समजलं गेलं तर एच-1बीवर अडचण होऊ शकते. आकडा वाढतोय असं दिसलं की इमिग्रेशन वकिलाला विचारा, मला नको. आणि घराच्या विम्यात संग्रहाच्या वस्तूंना बहुधा फार छोटी मर्यादा असते. पॉलिसी काढून बघा, लागलं तर कार्डांची वेगळी भर घाला.

वहिनींना त्या एक्सेल शीटची प्रत द्या. कुठलं कार्ड कुठल्या बाइंडरमध्ये, साधारण भाव काय, आणि विकायची वेळ आली तर कुणाला फोन करायचा, एवढं त्यात लिहा. चुकून तुम्ही नसताना ते कपाट उघडायची पाळी त्यांच्यावर आली, तर शंभर डॉलर देऊन सगळं उचलून नेणारे खूप असतात.