जामिनाची रक्कम सरकारने भरली तर समाजाची सुरक्षितता धोक्यात येते का?

जामीन मंजूर होऊनही पैशांअभावी तुरुंगातच राहिलेल्यांची रक्कम करदात्यांच्या पैशातून भरणे हा लोकांच्या सुरक्षिततेशी खेळ नाही का, असे तुम्ही विचारले आहे. विधी साहाय्याच्या कामानिमित्त मुंबईतील फौजदारी न्यायालयांत माझी ये-जा असते. माझ्या मते हा खेळ नाही. या धोरणावर माझा आक्षेप आहे, पण तो वेगळा आहे.

केंद्राच्या 2023 च्या योजनेतील मूळ मार्गदर्शक सूचनांनुसार न्यायाधीन बंद्याच्या, म्हणजे खटल्याचा निकाल लागायचा असलेल्या कैद्याच्या, जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत, तर शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी 25,000 रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकत होते. यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा), अमली पदार्थ, मनी लाँडरिंग आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यांखालील आरोपी त्यातून वगळलेले आहेत. मुख्य मुद्दा असा की ही मदत जामिनाचा आदेश झाल्यानंतरची आहे. आरोपी पळून जाईल काय, साक्षीदारांवर दबाव आणील काय, याचा विचार सरकारी वकिलांचे म्हणणे ऐकून न्यायाधीशांनी आधीच केलेला असतो. त्यानंतरही जो आत राहतो, तो धोकादायक ठरला म्हणून नव्हे, तर त्याच्या घरात पैसा नाही म्हणून. त्याच कलमाखालचा एखादा सराईत आरोपी मात्र रक्कम भरून केव्हाच घरी गेलेला असतो.

मुंबईत अडचण नुसत्या रकमेची नसते, जामीनदाराचीही असते. गोवंडी-मानखुर्दकडे अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या माणसाचे रेशनकार्ड गावचे, नातेवाईक गावी, आणि ओळखीपाळखीत ऐपतीचा दाखला आणू शकेल असा कोणी नाही. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या 1978 च्या प्रकरणात एका गवंड्यासाठी जामीनदार राहायला आलेल्या त्याच्या भावाला, भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून, नाकारले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते गैर ठरवले. स्थानिक जामीनदाराच्या अटीमुळे सुटका रखडते, असे पुन्हा 31 जानेवारी 2023 च्या निर्देशांतही न्यायालयाला सांगावे लागले, यावरून सवय किती चिवट आहे ते दिसते. मग घरची बाई खोलीचे डिपॉझिट मोडते, बचत गटाचे कर्ज काढते, किंवा भाडोत्री जामीनदार पुरवणाऱ्या दलालाच्या हाती सापडते. खोली सुटली की मुलांची शाळाही बदलते, नाहीतर सुटते. सुरक्षिततेचा हिशेब मांडायचा तर हेही त्यात धरले पाहिजे. तसेच पहिल्यांदाच आरोपी झालेला तरुण खचाखच भरलेल्या बराकीत कोणाच्या संगतीत दिवस काढतो, हेही. 2022 अखेर देशातील सुमारे 76 टक्के बंदी न्यायाधीन होते.

जामिनावर सुटलेला माणूस पुन्हा गुन्हा करूच शकत नाही, असे माझे म्हणणे नाही. त्यासाठी अटी घालण्याची, त्या मोडल्यास जामीन रद्द करण्याची तरतूद कायद्यात आहे. पैशांची भिंत हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण ती फक्त गरिबालाच अडवते.

माझा आक्षेप असा की एका सरकारी यंत्रणेने ठरवलेली रक्कम दुसरीने भरायची, म्हणजे या खिशातले त्या खिशात! मुचलक्याची, म्हणजे सुटकेसाठी लिहून द्यायच्या हमीची, रक्कम प्रकरणाची परिस्थिती पाहून ठरवावी आणि ती अवाजवी नसावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 484 सांगते. ते पहिल्याच दिवशी पाळले, आरोपीची मिळकत विचारून शक्य तेथे त्याला वैयक्तिक जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर, सोडले, तर या योजनेतील समिती, चौकशी, मंजुरी या फेऱ्यांची गरजच फार थोड्यांना पडेल.

तोवर, ओळखीत कोणी अशा अवस्थेत असेल तर कोठडीतील व्यक्तीला मिळकतीची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे त्याच्या घरच्यांना सांगा. आदेशानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे असते. ते कळवले की नाही याची चौकशी घरच्यांनी स्वतः करावी, किंवा 15100 या क्रमांकावर विचारावे. महिनाभरात जामीनपत्र सादर झाले नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते, पण तेवढे थांबण्यापेक्षा रक्कम कमी करण्याचा अर्ज वकिलाकरवी आधीच दाखल करणे बरे.